टाकीच्या तळाला काय घालू?

अंबत्तूर,
११ जुलै २०२५

चि. सौ. नंदिता हीस,

‘सौ.’ लिहू की नको म्हणून पेन बराच वेळ अडलं. शेवटी लिहून टाकलं. कोर्टाने अजून खोडलेलं नाही, मग मी कशाला खोडू?

तू फोनमध्ये माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हा खटाटोप. एकाच शहरात, अंबत्तूरहून पेरुंगुडीला पत्र! पोस्टातली बाई पत्ता वाचून हसलीच. म्हणाली, बस पकडून गेलात तर पत्राच्या आधी पोचाल. तिला काय सांगू? आणि तसा दोष तुझाच आहे. आम्हां तंजावरकडच्यांची मराठी जिभेवर असते, हाताला नसते. साठ वर्षं मी मराठी बोलले आणि वाण्याची यादीसुद्धा तमिळमध्ये लिहिली. तू सोलापुराहून सून होऊन आलीस आणि पहिल्याच वर्षी सासूला वही देऊन गिरवायला बसवलंस. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई मी, आणि तू माझ्या वहीवर लाल पेन चालवायचीस. आता भोग आपल्या कर्माची फळं, वाच माझी पत्रं.

कामाचं सांगते. टाकीतले तुझे दोन्ही स्टिंगरे मासे मजेत आहेत. फ्रिजवर तू चिकटवून गेलेली यादी मी रोज वाचते. मंगळवारी आणि शनिवारी पाणी बदलते, शेपटीच्या काट्यापासून हात लांब ठेवते आणि कोळंबी सोलून, तुकडे करून देते. होय, कोळंबी! माध्व ब्राह्मणांच्या घरची कृष्णवेणीबाई हातमोजे घालून मागच्या अंगणात कोळंबी सोलते, हे हरिप्रसादच्या वडिलांनी पाहिलं असतं तर दुसऱ्यांदा गेले असते. थालीपीठ मोठ्ठी झाली आहे. अडै अजून तसाच लहान, ठिपक्याठिपक्यांचा, पण लबाड, तिच्या तोंडचा तुकडा पळवतो. तू मोठीचं नाव थालीपीठ ठेवलंस तेव्हा मी म्हटलं होतं, मग धाकट्याला आमच्याकडच्या डाळीच्या दोशाचं नाव हवं. आठवतं?

विचारायचं आहे ते हे. यादीत तू लिहिलंस, ‘तळ रिकामा ठेवायचा’. पण त्या नुसत्या काचेवर ते घसरत राहतात गं. बसायला जातात आणि सरकतात. तूच म्हणाली होतीस, नदीत हे वाळूत शिरून झोपतात, फक्त डोळे बाहेर ठेवतात; चांगली वाळू मिळाली की घालू, तोवर रिकामं बरं. मग कुठली वाळू चांगली, ते कळव. तू ‘मोठी जागा मिळाली की येऊन नेईन’ म्हणून गेलीस. येशील तेव्हा त्यांना नीट अंथरुणावर पाहावंस, एवढीच हौस. खरं सांगायचं तर या घरात तू परत एकदा पाऊल टाकायला हे दोघेच कारण उरले आहेत. म्हणून त्यांना मी जिवापाड जपते.

हरि म्हणतो, विकून टाक. मी ऐकलं नाही असं दाखवते. त्यात मी तरबेज आहे.

त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहीत नाही. मी स्वयंपाकघरात होते. मिक्सर चालू होता. ते तुझ्या बाबांनाही मी सांगितलं आहेच.

तुझी,
अम्मा


अंबत्तूर,
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. नंदितास,

उत्तर आलं नाही. टपालाचा घोटाळा असेल, असं मी शेजारी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

आज आडि अठरा, कावेरीचा सण. माहेरी असते तर कावेरीवर गेलो असतो. पाण्याला हळदकुंकू, काळे मणी, आणि काठावर बसून चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात. इथे अंबत्तूरला कावेरी कुठली? नळाला नमस्कार केला. तिन्ही भात केले. हरिने चिंचेचा तेवढा खाल्ला आणि वर्कशॉपला गेला. रविवारीही जातो आता. तुझ्या वाटचा डबा हाताने भरला गेला, मग मीच रात्री खाल्ला.

तर, मी वाळू घातली!

तुझ्या उत्तराची वाट पाहून पाहून शेवटी माझं डोकं चालवलं. शेजारी मजला चढतो आहे, तिथे सुब्बा मेस्त्री आहे. त्याला म्हटलं, नदीची वाळू मिळेल का दोन घमेली? तो हसला. “आत्तुमणला? नदीची वाळू आता कोण देतं अम्मा? सरकारनं बंद केली. सगळं एम-सँड.” ढीग दाखवला. चांगली राखाडी, एकसारखी, बारीक. घरं उभी राहतात तिच्यावर, मग दोन मासे नाही का बसणार? त्याने दोन घमेली आणून टाकली. मी रव्याच्या चाळणीने चाळली आणि सहा पाण्यांनी धुतली, सातवं पाणी असं निघालं की तोंड पाहावं. मग हळूहळू टाकीत सोडली. दोन बोटं जाडीचा थर झाला.

तू म्हणशील, अम्मा, माळ्यावर कावेरीची वाळू होती की! होती. आहे. पण ती देवाची. माझ्या लग्नात आईने तिरुवैयारच्या काठची वाळू पोत्यात भरून दिली, ती नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या, पायऱ्यांपुढे बाग करायला. अडतीस वर्षं तीच वाळू. दर वर्षी पसरते, त्यात मोहरी पेरते, दसऱ्यानंतर वाळवून परत पोत्यात. बाहुल्यांच्या पायांखालची वाळू काय कोळंबी खाणाऱ्या माशांना घालायची? मनाला पटेना.

थालीपीठ बराच वेळ काचेला लागून वरच तरंगत राहिली. नवं अंथरूण, सवय व्हायची. अडै उतरला, पंख हलवून थोडी वाळू अंगावर घेतली. मी टाळ्या वाजवल्या, घरात एकटीने.

आणखी एक. हरिचा वकील आला होता. एका कागदावर सही हवी होती, की मी घरात होते, वादावादी झाली, पण हात उचललेला मी पाहिला नाही. सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं हे नेहमी म्हणायचे. मुलाची मूठ आईने नाही झाकायची तर कुणी?

तुला हे मी का सांगते आहे, मला कळत नाही.

तुझी,
अम्मा


अंबत्तूर,
१९ ऑगस्ट २०२५

चि. नंदितास,

सगळं ठीक आहे. थालीपीठ जरा रुसली आहे, दोन दिवस कोळंबी नीट घेत नाही. उकाडा आहे, माणसांनाही भूक नाही. काचेवर चढून बसते, पांढरं पोट आमच्याकडे करून. तू म्हणायचीस तसं, हसऱ्या तोंडाचं भूत. हॉलमधला दिवा पिवळा असल्यामुळे पोटाचा रंग नीट कळत नाही. दिवा बदलायला हवा.

वाळूचं काही नाही. वाळू उत्तम आहे.

काळजी करू नकोस. तू काळजी करत असशीलच असं नाही, पण करू नकोस.

अम्मा


अंबत्तूर,
७ सप्टेंबर २०२५

नंदिता,

थालीपीठ गेली. २८ ऑगस्टला, सकाळी.

हे वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले. आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते.

मागच्या पत्रात दिव्याचं लिहिलं ते खोटं होतं. १४ तारखेला ती काचेवर चढली तेव्हा तिच्या पोटावर लाल रेघा होत्या. मी पाहिल्या. चष्मा लावून पाहिल्या. पाहून स्वयंपाकघरात गेले आणि भाजी चिरत बसले. मनात म्हटलं, दिव्यामुळे तसं दिसतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, काचेवर घासलं असेल. वाळू मी घातली होती, तुझ्या यादीत नको लिहिलेलं असताना. ती काढायची म्हणजे चुकलं म्हणायचं. आणि कुणी विचारलं तर? विचारायला घरात होतं कोण! तरीही मी चौदा दिवस गप्प राहिले. मग तिच्या कडा वर वळायला लागल्या, तव्यावर दोसा कडेने सुटतो तशा. तेव्हा कोळत्तूरच्या त्या वेंकटला फोन केला, ज्याच्याकडून तू दोघांना आणलं होतंस.

तो सकाळी आला तोवर ती पडली होती. त्याने तिला जाळीत घेऊन उलटी केली. सगळं पोट सोललेलं होतं, नंदिता. वेंकटने टाकीतून चिमूटभर वाळू घेतली, माझा हात धरला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला चोळली. चर्र झालं. पांढरे ओरखडे उठले.

“अम्मा, ही वाळू नाही. हा फोडलेला दगड आहे,” तो म्हणाला. “नदीची वाळू पाण्यात लोळून लोळून गोल होते. ही मशीनमध्ये फोडतात, हिला धार असते. हे मासे पोटावर जगतात. ओरडत नाहीत. आपण बघायचं असतं.”

आपण बघायचं असतं. त्या पोराला काय माहीत तो कुणाला काय म्हणाला ते.

मी स्वयंपाकघरात नव्हते, नंदिता. मिक्सर चालू नव्हता. मी दारात उभी होते, हातात ताकाचं पातेलं होतं. तू म्हणालीस, सिरुसेरीला ऑफिसला जायला दोन तास आणि यायला दोन तास, मला झेपत नाही, पेरुंगुडीत घर घेऊ. हरि म्हणाला, अम्माला टाकून? तू म्हणालीस, टाकून कशाला, अम्मा आपल्याबरोबर येतील, त्यांची बाग, त्यांचं कोलू, सगळं नेऊ, तळमजल्याचंच घर बघू. तू हे म्हणालीस. मी ऐकलं. आणि मग त्याने तुला मारलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी तू माझ्याकडे बघितलंस. मी पातेलं घेऊन आत वळले.

तिसऱ्या दिवशी तुझे बाबा सोलापुराहून आले. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस, हात जोडून म्हणाले, “विहीणबाई, तुम्ही घरात होता. खरं काय ते सांगा, तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवीन.” तू शेजारी उभी होतीस, गाल अजून सुजलेला. आणि मी म्हटलं, “मीं कांहीं पाह्यलें नाहीं.”

तुझ्या बाबांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पण तू त्या क्षणी माझ्यावरचा काढून घेतलास, ते मला दिसलं. ते मात्र मी नीट पाहिलं.

थालीपीठला मागे कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. तुझी होती ती. तुझ्याकडच्या नावाची होती.

अडै अजून आहे. वेंकटने टाकी रिकामी करून दिली, पाण्यात औषध घातलं. अडैच्या पोटावरही ओरखडे आहेत, पण तो खातो. वेंकट म्हणाला, जखमा भरल्या की वाळू घाला, पण खरी घाला, हा मासा रिकाम्या तळावर घाबरून राहतो. मी माळ्याकडे बघितलं. हरि दारात उभा होता, सगळं ऐकत. शिडी लावून तो वर चढला आणि पोतं खाली आणून माझ्यासमोर ठेवलं. मग तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. माझा मुलगा राक्षस नाही गं. असता तर सोपं झालं असतं.

कावेरीची वाळू मी आधी स्वतःच्या गालावर चोळून पाहिली. काही झालं नाही. मऊ आहे. अडतीस वर्षं ती माळ्यावर होती.

ही वाळू तू मागायची वाट बघायला नको होती. मी आपणहून द्यायला हवी होती. मी वाळूचंच बोलते आहे, आणि नाहीही.

अम्मा


अंबत्तूर,
२४ सप्टेंबर २०२५

नंदिता,

आजचं तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी माझ्या बाजूने लिहिते.

कोर्टातल्या त्या समुपदेशक बाईंची खोली एवढीशी. पाच खुर्च्या, एक पंखा. तू खिडकीशी बसली होतीस, तुझी मैत्रीण इरा बाहेर बाकावर. किती वाळलीस! मी डब्यात तुझ्यासाठी हरभऱ्याचं सुंडल आणलं होतं, कालच्या नैवेद्याचं. पिशवीतच राहिलं.

बाईंनी माझी सही असलेला कागद पुढे ठेवला आणि तमिळमध्ये विचारलं, हे तुमचंच म्हणणं ना? मी म्हटलं, सही माझी आहे, म्हणणं माझं नाही. हरिचा वकील उठून उभा राहिला. बाई म्हणाल्या, मग तुमचं म्हणणं काय? तुम्ही पाहिलंत? घरी मी लांबलचक वाक्यं पाठ केली होती, सगळी विसरले. तोंडातून एकच शब्द निघाला. “पार्त्तेन.” पाहिलं. मग बोट वर करून म्हटलं, दोनदा.

हरि जमिनीकडे बघत होता. तू खिडकीबाहेर. पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर छाती हलकी होते. असं काही होत नाही. फक्त आता ते बाहेर असतं, सगळ्यांसमोर, आणि आपल्याला तिथेच बसून राहावं लागतं.

मग जिन्यापाशी तू थांबलीस. माझ्यासाठी थांबलीस! चार महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. म्हणालीस, “अम्मा, तुमची पत्रं मिळाली. मी उघडली नाहीत. ड्रॉवरमध्ये ठेवलीत. मला जमलं नाही.”

मी म्हटलं, “असूं दे बाई, असूं दे.”

आणि तू विचारलंस, “थालीपीठ कशी आहे?”

तुझ्या डोळ्यांत काय होतं ते कसं लिहू? एवढ्या सगळ्यातून एक गोष्ट धड उरली असेल, अशी आशा होती. आणि मी, जी दहा मिनिटांपूर्वी पोटच्या मुलाविरुद्ध खरं बोलून आले होते, ती म्हणाले, “बरी आहे.”

तू हसलीस. म्हणालीस, “दिवाळीपर्यंत मोठी जागा मिळेल, मग दोघांना न्यायला येते.” आणि इराचा हात धरून उतरून गेलीस.

मला एका दिवसात एकच खरं झेपलं. हे कारण नाही, आपली गत सांगते.

हरि कोर्टातून घरी आला नाही. वर्कशॉपमध्ये झोपेन, असा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला. माझ्या नाही. कोलूच्या सात पायऱ्या मी एकटीने मांडल्या, या वर्षी पुढे बाग नाही. बघायला येणाऱ्या बायका विचारतात, वाळू कुठे गेली? मी टाकीकडे बोट करते. अडै तिच्यात गळ्यापर्यंत शिरून बसतो, दोन डोळे तेवढे बाहेर. पहिल्या दिवशी तो तसा आत गेला तेव्हा मला वाटलं नाहीसाच झाला. मग डोळे दिसले. आता मी आरती करते आणि तो माझ्याकडे बघत असतो. थालीपीठला हे मिळायला हवं होतं. वाळू घरात होती.

इथपर्यंत लिहिलं आणि लक्षात आलं, हे पाकीटही तू ड्रॉवरमध्ये ठेवशील. आत खरं लिहून वर डिंक लावायचा, ही माझी आयुष्यभराची रीत. हे पत्र मी पाठवत नाही.

उद्या पोस्टात जाऊन कार्ड आणते.


(पोस्टकार्ड)

अंबत्तूर,
२५ सप्टेंबर २०२५

नंदिता,

थालीपीठ २८ ऑगस्टला गेली. मी घातलेल्या वाळूने तिचं पोट सोललं. मी ते चौदा दिवस पाहत होते आणि गप्प होते. काल तुला ‘बरी आहे’ म्हटलं ते खोटं.

अडै जिवंत आहे. त्याच्याखाली आता कावेरीची वाळू आहे. त्याला ने, वाळूही ने. तुला मला भेटायचं नसेल तर दार उघडं ठेवून मी शेजारी जाऊन बसेन.

खाली हेच सगळं तमिळमध्ये लिहिलं आहे. तू वाचलं नाहीस तर तुझ्या वॉचमनने वाचावं आणि तुला मोठ्याने सांगावं.

कृष्णवेणी